कमी करा

"एसी जरा कमी करा ना जी. मी विमलताईकडं जाऊन येते," असं म्हणत रत्नप्रभाबाईंनी खांद्यावर शाल ओढली आणि भर दुपारी शेजारी निघून गेल्या.

मे महिना. पांढरकवड्यात हायवेचं डांबर चपलेला चिकटून येत होतं. अशा उन्हात एक बाई शाल घेऊन शेजारी जाते, याचा त्यांच्या नवऱ्याला, सदाशिवरावांना, एकच अर्थ दिसत होता: घनश्यामच्या घरी काश्मीर आहे.

विमलताईंचा नवरा घनश्याम केळापूरकडचा कापूसवाला शेतकरी. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतला पहिला एसी त्यानं बसवला. सदाशिवराव तहसीलमधून निवृत्त झालेले, घराण्यात तीन पिढ्यांची नोकरी. त्यांनी वर्षभर कूलरसमोर बसून ते सहन केलं आणि यंदा त्याच्यापेक्षा मोठा एसी आणला. तरीही चहाच्या वेळी बायको घनश्यामच्याच घरी. गॅसजवळ उभं राहून एकट्यापुरता चहा करताना त्यांची नजर घनश्यामच्या घराकडे जायची आणि दूध उतू जायचं.

पण माणूस शिस्तीचा. वरून आलेल्या आदेशातला शब्द न् शब्द पाळायचा, हीच नोकरीभर ख्याती. बायको कमी करा म्हणाली की ते कमी करत. चोवीसचे बावीस झाले. बावीसचे वीस, वीसचे अठरा. आज सोळा. त्याखाली रिमोट जाईना. दोनदा दाबून पाहिलं.

खिडकीबाहेर त्यांचं यंत्र सारखं धापा टाकत होतं. घनश्यामचं मात्र मधूनच गप्प व्हायचं. ते गप्प झालं की सदाशिवराव कानटोपी वर सारून ऐकत. "बंद पडला!" थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू व्हायचं, आणि यांचा चेहरा पुन्हा पडायचा.

आज ते सुरू झालं आणि त्यांच्यानं राहवलं नाही. कानटोपीसकट ते तरातरा शेजारी गेले.

खोलीत काश्मीर नव्हतं. खोली नुसती बरी होती. वर पंखा सावकाश फिरत होता. रत्नप्रभाबाई पाय पसरून विमलताईंसोबत चिवडा खात, खदखदून हसत होत्या. शाल घडी करून कोपऱ्यात ठेवलेली.

"या भाऊ, या!" घनश्याम उठला. त्याची नजर कानटोपीवर गेली. "तब्येत बरी हाये ना?"

"कितीवर ठेवतोस रे एसी?"

घनश्याम ओशाळला. "सव्वीस. अन् पंखा एकवर. खोली गार झाली का मशीन आपलं आपणच थांबते. वावरातले माणसं आमी, भाऊ. तुमच्यावानी सोळा आमाले कुठं झेपते?"

दहा अंकांनी जिंकलो! सदाशिवरावांच्या छातीत गारवा पसरला. ते विजयी मुद्रेनं बायकोकडे वळले. "ऐकलं? मग रोज इथं काहून येतं तू?"

"गरम व्हाले!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "थंडीनं गुडघे धरले माहे. रोज सांगून राह्यली, एसी कमी करा, कमी करा. अन् तुमी?"

"मी कमीच करून राह्यलो ना!"

विमलताईंनी पदर तोंडाला लावला. घनश्याम उगाच पंख्याकडे पाहू लागला. "आकडा नाई जी," रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या, "थंडी."

सदाशिवराव घरी आले. कानटोपी काढली, पंखा लावला. रिमोटवरचं वरचं बटण आयुष्यात पहिल्यांदा दाबलं, आणि सव्वीस आल्यावर थांबले. खिडकीतून एकदा घनश्यामच्या घराकडे पाहिलं.

मग सत्तावीस केले.