ताईची मूळ फाईल

"खिडक्या कशाला लावताय, नाना?" आवाजवाल्यानं विचारलं.

"गाड्यांचा गोंगाट नको," नाना म्हणाले, आणि जाता जाता दाराची कडीही सरकवली.

घरोघरी जाऊन गाणी ऐकायची मशीनं जोडून द्यायची, हा त्याचा धंदा. म्हणून सगळे त्याला आवाजवालाच म्हणत. नाना म्हणजे दांडगा गडी, हात असे की फावडीच. खोली त्यांच्या ताईची. ताई गाणं शिकवायची. इथंच एका दुपारी ती आपलं गाणं रेकॉर्ड करत असताना कुणीतरी तिच्या डोक्यात घाव घातला आणि अंगावरचं सोनं नेलं. कोण, ते अजून कळलं नव्हतं.

"तुम्ही चौथे बरं का," नाना म्हणाले. "तिघांना चहा पाजून वाटेला लावलं."

"जमलं नाही का त्यांना?"

"जमलं की. पण मला पाहिजे ते कुणीच केलं नाही."

आवाजवाला हसला, पण हसू ओठांवरच वाळलं. तो कोपऱ्यात गेला. एक टाळी वाजवली, जीभ टाळूला लावून टक् केलं, कान दिला. मग दुसऱ्या कोपऱ्यात तेच.

"हा काय माकडाचा खेळ?"

"खोली किती घुमते ते कळतं, नाना. त्या भिंतीला जाड पडदा लावा."

"सगळेच असं करतात?"

"छे हो! बाकीचे मोबाईल काढून मोजत बसतात. ही आपली घरची तऱ्हा."

"वा!" म्हणत नानांनी खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले.

आवाजवाल्यानं स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले, तोंडं नानांच्या कानाकडं वळवली. कपाटामागं न बघता हात घालून प्लग खोचला.

"मोबाईलवर ऐकलंय मी," नाना म्हणाले. "गाणं संपतं, पुढं नुसती खरखर."

"ती दाबलेली फाईल असते. जागा वाचवायची म्हणून बारीकसारीक आवाज कापून टाकतात. लांबचं तर काहीच उरत नाही."

"म्हणून तर ही आणली." नानांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "ताईच्या मशीनमधली. मूळ. अख्खी."

आवाजवाल्याचा हात वायरीवरच थांबला.

"आपल्या वयाच्या कानांना काय फरक कळणार, नाना? दाबलेलीच लावू."

"असं बोललात तर धंदा बसेल तुमचा!" नाना हसले. मग हसू गिळून म्हणाले, "लोक काय म्हणतात ठाऊक आहे? सख्ख्या भावानंच मारली."

आवाजवाल्यानं हातातली वायर खाली ठेवली. त्यानं कडीकडं पाहिलं. कडी नानांच्या डोक्यामागं होती.

"एक वायर राहिली घरी. पटकन घेऊन येतो."

"वायर बियर राहू दे. लावा."

"नाना, पोरंबाळं वाट बघत असतील माझी…"

"मी पण कुणाची तरी बघतोय. लावा म्हटलं ना!"

त्यानं लावली. पेनड्राइव्ह दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला.

ताई गायला लागली. अगदी समोर बसून गावं तशी. दोन ओळींमधला तिचा श्वास आला, बांगडी किणकिणली. नानांचे डोळे भरले, पण ते त्यांनी पुसले नाहीत. आवाजवाल्यावरून नजरही काढली नाही.

गाणं संपलं. मोबाईलवर जिथं खरखर होती, तिथं आता दार वाजलं. लांबून ताईचा आवाज आला, "या हो. बघा ना, फार घुमते ही खोली." चपला सरकल्या. कुणीतरी पार कोपऱ्यात गेलं.

आवाजवाला बटणाकडं झेपावला. नानांनी त्याचं मनगट धरलं.

स्पीकरमधून एक टाळी वाजली. आणि मागोमाग, टक्.