दोन तास पाच मिनिटं

"नमस्कार, विमानतळ चौकशी. बोला."

"मॅडम, एक विचारायचं होतं." पलीकडून तोच थकलेला आवाज. मग एका दूरच्या शहराचं नाव. "इथून किती लांब हो ते? विमानाला किती वेळ लागतो?"

खिडकीमागच्या बाईचा हात टेबलावरच थबकला. विमानतळावर तिला सगळे चौकशीताई म्हणत. पलीकडचा आवाज तिच्या आईचा होता, आणि ते शहर तिच्या दादाचं.

"अकराशे किलोमीटर, आजी. दोन तास पाच मिनिटं."

"आणि धुकं असलं तर?"

"थोडं थांबावं लागतं. पण विमान सुखरूप पोचतं, काळजी करू नका."

"बरं हो. उपकार झाले."

महिनाभर रोज हेच. आईने एकदाही लेकीचा आवाज ओळखला नव्हता. आणि "आई, मी आहे" असं ताई तरी कसं म्हणणार? या फोनवरचा शब्द न् शब्द टेप होई. घरच्यांशी बोलताना सापडलेल्या एकाला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं. ती हकिकत ताईनेच जेवताना आईला ऐकवली होती.

संध्याकाळी घरी विचारलं, की आई सरळ कानांवर हात ठेवी. "मी कशाला फोन करू? काहीतरीच तुझं!" परवा तर दुधाचं भांडं कपड्यांच्या कपाटात निघालं. ताईने शेवटी दादाला कळवलं.

"रोज तुझ्याच शहराचं अंतर विचारते रे. फोनवर मला तर ओळखतही नाही."

"मग तिला एकटी ठेवून कसं चालेल? मी घेऊन जातो. इथं तुझी वहिनी दिवसभर घरी असते."

काल दादा आला. आज दुपारचं तिकीट होतं. सकाळी आईची बॅग भरताना ताईने विचारलं, "जाशील ना गं?"

"तुम्ही म्हणाल तसं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आज धुक्याने चार विमानं अडकली होती. खिडकीसमोर माणसं हातघाईवर आलेली.

"विमान आहे की बैलगाडी?" एक ठेकेदार गरजला.

"बैलगाडी असती तर केव्हाच निघाली असती, साहेब. बसा, पाणी घ्या."

चारजण हसले. ठेकेदारही बसला. बारा वर्षांत इथं ताईचा आवाज कधी चढला नव्हता. तिला मिरवायला तेवढं एकच होतं.

फोन वाजला. तोच प्रश्न. उत्तरही नेहमीच्याच सुरात गेलं.

"उपकार झाले," आई म्हणाली. पण फोन बंद करायचा राहून गेला. ताईच्यानेही रिसीव्हर ठेववेना.

"ऐकलंस?" आई कुणाला तरी सांगत होती. आवाजात थकवा औषधालाही नव्हता. "तिच्यामागे केवढा गोंधळ चाललाय, पण माझ्या पोरीचा आवाज चढला का? अंतर पाठ झालंय मला, तरी रोज विचारते. ऐकत राहावंसं वाटतं."

"अगं आई," दादाचा आवाज आला, "तिला वाटतंय, तू तिला ओळखतच नाहीस!"

"वाटू दे. घरी कबूल केलं, तर फोनवर तिच्या तोंडून 'आई' निघून जायचं. टेप होतं ना सगळं? ओळख दाखवली तर नोकरी नाही का जायची तिची?"