इंजिन गार होईपर्यंत

सासऱ्यांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"गरम आहे. चला, जावईबापू."

"अहो बाबा, पण अजून बघितली कुठे?"

जावयाचा चेहराच पडला. गाडी समोर उभी होती. दोन सीटची, ठेंगणी, लांब नाकाची, चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी मिरवलेली स्पोर्ट्स कार. रंग कधीकाळी हिरवा असावा. जावयाला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याचं औषधाचं दुकान. पण निघताना बायकोनं दारातच बजावलं होतं, "गाडी गेली चुलीत. बाबा खुर्चीतून उठले पाहिजेत, एवढंच बघ." बस डेपोतली मेकॅनिकची छत्तीस वर्षांची नोकरी संपून नऊ महिने झाले होते आणि नऊच्या नऊ महिने बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत. घरी दुरुस्त करत बसायला म्हणून बघितलेल्या याआधीच्या दोन जुन्या गाड्या त्यांनी दहा-दहा मिनिटांत नापास केल्या होत्या. ही तर एका मिनिटात!

गाडीची मालकीण दातांची डॉक्टर. दवाखान्यामागच्या गॅरेजात ती पांढऱ्या कोटातच आली होती, मास्क हनुवटीवर, आत एक पेशंट आ करून बसवलेला.

"सकाळी मीच सुरू करून ठेवली," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्यासमोर पटकन सुरू व्हावी."

"डॉक्टर, तुम्ही दाढ बधिर करून मग विचारता का, दुखतंय का म्हणून?"

ती अशी हसली की मास्क गळ्यात आला. "गार असताना त्रास देते हो. खरं सांगते. मोठ्या हौसेनं घेतली होती, स्वतः दुरुस्त करीन म्हणून. अकरा वर्षं झाली, एक नट फिरवला नाही."

"गार व्हायला किती वेळ लागेल?" जावयानं आपलं उगीच विचारलं.

"दोन तास," सासरे म्हणाले. आणि आता बघा, निघालेला माणूस कोपऱ्यातलं स्टूल ओढून चक्क बसला! "गार झाल्याशिवाय कळायचं नाही."

बसले कसले! पाच मिनिटांत उठले आणि खिशातून लोहचुंबक काढलं. जावई बघतच राहिला. घरच्या फ्रिजवरचं, अननसाच्या आकाराचं! म्हणजे निघताना गुपचूप काढून आणलं होतं यांनी. अननस दाराला चिकटला, पुढे सरकला, मागच्या चाकाच्या वर गेला आणि टपकन खाली पडला.

"इथे पत्राच नाही. नुसती पुट्टी भरलीय."

"मग नको घ्यायला."

"छे, अजिबात नको." ते खाली वाकले. "तळ गंजलाय. हे बघा, बोट आरपार जातंय. आणि वायरिंग? उंदरांनी जेवून हात धुतलेत!"

दर दोषागणिक त्यांचा आवाज चढत होता. मधेच डॉक्टरीण डोकावून गेली. "काय म्हणतोय पेशंट?"

"आणखी दोन दाढा किडलेल्या निघाल्या!"

बाराच्या सुमारास त्यांनी पुन्हा पालथा हात ठेवला. गार. "स्टार्टर मारा," ते म्हणाले. जावई कसाबसा आत घुसला, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, आणि त्यानं किल्ली फिरवली. गाडी खोकली. दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदा अंगात आल्यासारखी थरथरली, गॅरेजभर निळा धूर केला आणि मेली.

सासरे बराच वेळ डोळे मिटून तसेच उभे. गाडी बंद पडली होती, पण हे अजून ऐकतच होते.

"तीन वर्षांचं काम आहे," ते शेवटी म्हणाले. "तेही रोज केलं तर. सुटे भाग मिळायचे नाहीत, एकेक घडवून घ्यावा लागेल. शहाण्या माणसानं या गाडीकडे बघूसुद्धा नये."

संपलं. जावयाला ती बाल्कनीतली खुर्ची दिसली आणि दारात उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघणारी बायको दिसली. पण जबरदस्ती कशी करणार? "बरं बाबा. राहू दे मग. मी डॉक्टरांना सांगून येतो."

डॉक्टरीण कुणाची तरी दाढ कोरत होती. त्यानं दारातूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. तिनं मान डोलावली, मशीन काही थांबवलं नाही.

तो परत आला तर स्टुलावर सासऱ्यांचा शर्ट, घडी घालून ठेवलेला. बॉनेट उघडं आणि सासरे बनियनवर, कमरेपर्यंत आत. पायाशी डॉक्टरणीची पान्यांची पेटी, एकही पाना कधी न वापरलेली, सगळे अजून चकचकीत.

"बाबा, चला. नाही म्हणून सांगून आलो."

"बरं केलंस," आतून घुमल्यासारखा आवाज आला, आणि एक काळा झालेला हात मागे पसरला. "तेरा नंबरचा पाना दे."

जावयानं वाकून एक उचलला आणि त्या हातात ठेवला.

"हा नव्हे रे. त्याच्या शेजारचा."