भिंगरीची हजेरी

"ताई, हजेरी फोनवरच घ्या ना," भिंगरी म्हणाली. "टाइप करण्यात कसली मजा?"

ताई हसली. "अगं, तुम्ही आठजणी होतात तेव्हा ठीक होतं. आता दीडशे झालात. रोज सगळ्यांशी बोलत बसले तर माझाच आवाज बसेल. उद्यापासून ग्रुपवर नुसतं 'आले' लिहायचं."

काम तसं साधं होतं. ऑनलाइन दुकानांतल्या भांड्यांच्या, क्रीमच्या, चादरींच्या लिंक ओळखीपाळखीत पाठवायच्या. कुणी त्या लिंकवरून खरेदी केली की कमिशन. पण माणसं टिकवणं अवघड. चार दिवस कुणी विचारलं नाही की बायका गळतात, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती रोज सकाळी प्रत्येकीला फोन करून हजेरी घ्यायची.

भिंगरी पहिल्या आठजणींतली. पायाला भिंगरी लागल्यासारखी दारोदार फिरायची, म्हणून हे नाव. एकदा ओठ सुजवून आली होती. आधी दार लागलं म्हणाली, मग रडली. नवरा हात उचलायचा.

"ज्या सकाळी माझा आवाज येणार नाही, त्या सकाळी काही विचारू नका ताई. सरळ घरी या."

ताईने शब्द दिला होता. तो आत्ताही तिच्या लक्षात होता.

"ग्रुपवर तुझं 'आले' दिसलं नाही तर येईन मी. झालं समाधान?"

"झालं," भिंगरी म्हणाली आणि चपला घालून निघाली.

टीम वाढतच गेली. व्याप तितका संताप. तरी सकाळी चहाचा कप हातात घेतला की ताई आधी भिंगरीचं 'आले' शोधायची. ते असायचंच, बहुतेकदा सगळ्यांच्या आधी. ताईचा जीव भांड्यात पडायचा.

पुढे पुढे भिंगरी फोन उचलेनाशी झाली. 'पाहुणे आहेत, नंतर बोलते,' असं कळवायची. दुसऱ्या टीमवाल्यांनी मधाचं बोट लावलं की काय, अशी शंका ताईला आली. पण भिंगरीच्या लिंक रोज जात होत्या, विक्री तर दुप्पट झाली होती. ताई दोनदा तिच्या घरी जायला निघाली. दोन्ही वेळा कुणाचा तरी फोन आला आणि जाणं राहिलं.

शेवटी तिने लिहून विचारलं, 'घरी बरं आहे ना गं?'

'हे खूप बदललेत ताई. कामातही मदत करतात.'

वाचून ताईला भरून आलं. एका बाईचा संसार आपल्या टीममुळे सावरला, याचं तिला फार सुख वाटलं. ती उठता बसता इतरांना सांगू लागली, "शिका जरा भिंगरीकडून!"

वर्षअखेरीच्या मेळाव्यात पहिलं बक्षीस भिंगरीला जाहीर झालं. हॉल गच्च भरला होता. ताई स्टेजवर चढत असतानाच मेसेज आला. 'बहिणीकडे अडकलेय, यायला जमत नाही. बक्षीस यांच्याकडे द्या.'

नवरा पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, जोडलेले हात. हाच का तो, असं ताईच्या मनात आलं. माणूस बदलतो, हेही आलं.

"तिने फार कष्ट घेतले," तो म्हणाला.

"तुम्ही साथ दिलीत म्हणून. थांबा, तिचं कौतुक तिच्या कानांवर पडू दे. फोनच लावते तिला."

"कशाला ताई, उगाच तिची धांदल."

"होऊ दे की धांदल! किती दिवसांत आवाज ऐकला नाही पोरीचा."

बायका हसल्या. ताईने नंबर लावला आणि फोन माइकजवळ धरला. सगळा हॉल कान देऊन गप्प झाला.

रिंग वाजू लागली, नवऱ्याच्या खिशात.