शोधाला गेलेल्या बोटी

चारही बोटी परत येताना दिसल्या, तशी धक्क्यावरच्या लोकांनी लिलाववाल्याला पुढे जायला वाट करून दिली. चार दिवसांपूर्वी त्याचा मुलगा छोटी होडी घेऊन जाळी बघायला गेला होता, तो परतलाच नव्हता. त्याला शोधायला या बोटी गेल्या होत्या. हंगामाचे शेवटचे दहा-बारा दिवस हातात असताना, आपली मासेमारी बाजूला ठेवून गेल्या होत्या. लिलाववाल्याच्या पोटात चार दिवस धड अन्न नव्हतं, पण या एका गोष्टीवर तो तग धरून होता.

आज धक्क्यावर गर्दीही मोठी होती. वरच्या खेड्यांतले टेम्पोवाले आले होते. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या बायका आल्या होत्या. खानावळवालाही आला होता. सख्ख्या भावाच्या लग्नालाही ज्याने गल्ला सोडला नव्हता, तो माणूस. एवढी माणसं आपल्या पोरासाठी आली, हे बघून लिलाववाल्याला भरून आलं. एका टेम्पोवाल्याने त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली.

मग त्याला टेम्पोंच्या मागच्या फळ्या पाडलेल्या दिसल्या. आत रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या.

त्याने पुन्हा बोटींकडे पाहिलं. इथल्या प्रत्येक बोटीच्या अंगावर वीतभर रुंदीचा लाल पट्टा असतो. बोट रिकामी असली की तो लांबून दिसतो, भरली की पाण्याखाली जातो. कोण किती माल घेऊन येतंय हे लिलाववाला त्या पट्ट्यावरून ओळखायचा आणि बोट धक्क्याला लागायच्या आत मनात भाव ठरवून मोकळा व्हायचा. आज चारांपैकी एकाही बोटीचा पट्टा दिसत नव्हता.

पहिल्या बोटीचा मालक उतरला. खूप शोधलं म्हणाला, पार खडकांपर्यंत जाऊन आलो, काही हाती लागलं नाही. बोलताना तो लिलाववाल्याच्या चपलांकडे बघत होता. त्याच्या मागे खलाशी मालावर ताडपत्री ओढत होते आणि ती सगळीकडून अपुरी पडत होती. ऊन चढत चाललं होतं. शेवटी मालकच हळूच म्हणाला, "काका, माल नरम पडेल. तुमच्याशिवाय कोण पुकारणार?"

लिलाववाल्याला त्याची गचांडी धरता आली असती. पण हात उठला नाही, कारण बावीस वर्षांपूर्वी याच धक्क्यावर तो स्वतः असाच उतरला होता.

तेव्हा त्याची स्वतःची बोट होती. त्याचा जिवाभावाचा मित्र होडीसकट नाहीसा झाला होता आणि शोधायला निघालेल्यांत हा सगळ्यांच्या पुढे होता. आधी दोन दिवस आपण जीव तोडून शोधलं, परतताना माशांची झुंडच आडवी आली, मग जाळं न टाकणारा कोण निघेल? घरी हाच मुलगा वीस दिवसांचा होता, हंगाम संपत आला होता आणि मित्र काही आता जिवंत सापडणार नव्हता. हे सगळं त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की तोंडपाठ झालं होतं. तरी समुद्रावर त्याचं मन पुन्हा लागलं नाही. बोट विकून तो लिलाव पुकारू लागला. मित्राच्या बायकोला यातलं काही कळलं नाही, एवढंच त्याला समाधान होतं.

ती तेव्हाही धक्क्यावरच्या बर्फाच्या खोलीत बोटींसाठी लाद्या फोडायची, आजही तेच करते. सगळं गाव तिला बर्फवाली म्हणतं, तो एकटा वहिनी म्हणतो. रोज लिलाव आटोपला की एक चांगला मासा कागदात गुंडाळून तो तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा. ती मान वर न करता 'बरं' म्हणायची. बिचारी संकोची आहे, असं त्याला वाटायचं.

त्याने घंटा वाजवली आणि पुकारायला सुरुवात केली. हा समुद्रालाच पाणी विकेल, अशी त्याच्या आवाजाची थट्टा व्हायची. तो आवाज आज एकदाही अडखळला नाही, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. कोणी घासाघीस केली नाही. तासाभरात पेट्या भरल्या, टेम्पो निघून गेले. अकरा खेड्यांतली माणसं रात्री पोटभर जेवणार होती.

सवयीने त्याने एक मासा कागदात गुंडाळला आणि तो बर्फाच्या खोलीशी गेला. उंबऱ्यावर ठेवायला वाकला, तो तिथेच बसला आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडला. वहिनी हातोडा ठेवून बाहेर आली, त्याच्या शेजारी टेकली.

"परत येतानाच दिसले असतील मासे त्यांना," तो म्हणाला. "आधी दोन दिवस तरी शोधलं असेल ना, वहिनी?"

तिने ओल्या हाताने ती पुडी त्याच्याकडे परत सरकवली.

"भाऊजी, शोधायला निघालेल्याला बर्फ कशाला लागतो? या चौघांनी निघतानाच भरून नेला. आणि तेव्हा तुमचाही मीच फोडून दिला होता."