काचेआडचं ऊन

अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टरबाईंनी रिपोर्टवरून नजर उचलली. "ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. तुमचे वडील उन्हात बसत नव्हते का?"

लेकाला ते चांगलंच लागलं. "मॅडम, सकाळी चहा झाला की दुपारपर्यंत उन्हातच. न्युमोनिया होईपर्यंत एक दिवस चुकवला नाही. त्यांना वारा लागू नये म्हणून मी स्वतः गॅलरीला काचा बसवल्या. धंदाच आहे माझा. बोटभर फट ठेवली नाही."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मिटला.

"काचेतून ऊब येते, उजेड येतो. पण हे जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं, ते काचेतच अडकतात." मग त्याचा चेहरा बघून म्हणाल्या, "असल्या आजारात ते तसंही खाली येतं. मनाला लावून घेऊ नका."

पण त्याच्या कानात रोज सकाळची टकटक सुरू झाली होती. बाबा खुर्चीतून काचेवर बोट वाजवायचे. "अरे, जरा उघड. ऊन दिसतंय, पण अंगाला लागत नाही."

"बाबा, तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत तो हसून कामाला निघायचा.

त्याने काचेच्या दारातून आत पाहिलं. तोंडात नळी, डोळे मिटलेले. बाबांचं बोट मात्र खाटेच्या कठड्यावर हळूहळू आपटत होतं.

 

बाहेर आवाज येत नव्हता. कुणीतरी काम चोख केलं होतं.