आठ बोटांचा निबंध

मॅचला दोन तास होते. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटल्या होत्या आणि हार्लनला आज चेव चढला होता. त्याचा सख्खा शेजारी रॉइस ज्या कॉलेजसाठी जीव टाकायचा, त्याची अब्रू वेशीला टांगली गेली होती. तिथल्या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे निबंध म्हणे दुसरंच कुणीतरी लिहून द्यायचं.

"काय रे रॉइस, तुमची पोरं बॉल तरी स्वतः पकडतात का, की त्यालाही माणूस ठेवलाय?"

रॉइस खाली मान घालून शेगडीवर भाजत ठेवलेल्या मटणाच्या बरगड्या उलटत राहिला. "राहू दे हार्लन. आज नको."

"लागलं का? अरे, पेपरात एक निबंधच छापलाय. ऐका रे सगळे!" हार्लन ट्रकच्या मागच्या फळीवर चढला. "'माझ्या आजोबांची दोन बोटं करवतीखाली गेली. उरलेल्या आठ बोटांनी ते दर रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायचे...'"

लोक खो खो हसले. हार्लनने मात्र तीच ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली. आठ बोटांनी पियानो वाजवायचा तो त्याचा बाप. आणि हार्लनचं न ऐकता रॉइसच्या त्याच कॉलेजात गेलेली त्याची मुलगी लिंडी तिथे खेळाडूंची शिकवणी घ्यायची.

"पुढे वाच की!" कुणीतरी ओरडलं.

रॉइसने त्याच्या हातातून पेपर काढून घेतला आणि चुरगळून निखाऱ्यांवर टाकला.

"उतर खाली," तो हळूच म्हणाला. "मी सकाळीच वाचलाय."